चौथ्या टेबलापाशी सुनावणी

न्यायाला बसलेल्या माणसाच्या हातून दोन प्रकारचे दोष घडतात. एक, तो समोरच्याचे ऐकून घेत नाही. दुसरा, त्याने ऐकून घेतलेले नसते, पण घेतले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पहिल्या दोषावर चार लोक बोट ठेवतात, त्यामुळे तो फार काळ लपत नाही. दुसरा मात्र सज्जनांच्या घरी वस्तीला येतो, त्यांच्याच चांगुलपणाचे पांघरूण घेतो आणि कित्येकदा जन्मभर ओळखू येत नाही. निवृत्ती गुरुजींच्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो त्यांच्याकडे आला. त्यांनी तो ओळखला आणि वेळेत ओळखला, हे त्यांचे आणि त्यांच्या सुनेचे पुण्य.

गुरुजी मूळचे नांदगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचे चिरंजीव. दहाव्या वर्षी नाशिकच्या पाठशाळेत आले आणि ज्या घराण्यात कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते, त्या घराण्यात व्याकरण आणि न्यायशास्त्र घेऊन परतले. पुढे छत्तीस वर्षे त्यांनी पिंपळगाव बसवंतच्या शाळेत संस्कृत शिकवले. नोकरी संपल्यावर ते नाशिकला मुलाकडे राहू लागले. मुलगा ओझरच्या विमान कारखान्यात, सून हर्षाली जिल्हा न्यायालयात वकील. पिंपळगाव सुटले, तरी तिथे गुरुजींचा शब्द अजून चालत होता, कारण तिथल्या निम्म्या बागायतदारांनी देव शब्द त्यांच्यासमोर मांडी घालून चालवला होता आणि चुकल्यावर त्यांच्याच हातची छडी खाल्ली होती.

म्हणून पिंपळगावजवळच्या द्राक्ष उत्पादकांच्या एका संस्थेने जेव्हा चौकशी समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष म्हणून गुरुजींचे नाव सुचवायला कोणाला विचार करावा लागला नाही.

प्रकरण असे होते. माघ महिन्यात संस्थेच्या पॅकहाऊसमधून परदेशी गेलेल्या मालापैकी साठ खोक्यांत बुरशी निघाली. ही साठही खोकी चौथ्या टेबलावर भरलेली होती, हे लेबलांवरून स्पष्ट दिसत होते. चौथ्या टेबलाच्या प्रमुख कुसाबाई. पहाटे खुडलेल्या द्राक्षांवर दव असते. असा ओला माल पंख्याखाली सुकवल्याशिवाय खोक्यात भरायचा नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. कुसाबाईंनी ओला माल भरू दिला आणि त्याच दिवशी दुपारी त्या काम सोडून निघून गेल्या, असे दोन आरोप त्यांच्यावर होते. सोळा वर्षे त्यांनी ते टेबल सांभाळले होते. दोष सिद्ध झाला, तर टेबल तर जाणारच होते. शिवाय एका पॅकहाऊसमधून अशा कारणाने काढलेल्या बाईला महामार्गावरच्या दुसऱ्या कोणत्याही पॅकहाऊसमध्ये उभे करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते.

समितीत गुरुजींबरोबर दोघे होते. एक, संस्थेचा व्यवस्थापक शेखर, गुरुजींचा विद्यार्थी. दुसरे, संस्थेचे जुने संचालक झुंबरराव. झुंबरराव हे कुसाबाईंचे सख्खे थोरले दीर. त्यांना समितीत मुद्दामच घेतले होते.

"गुरुजी, घरचं माणूस समोर असलं म्हणजे बाईला धीर येईल," शेखर म्हणाला होता. "परक्या पुरुषांपुढं एकटीला उभं केलं, असं उद्या कोणी म्हणायला नको."

गुरुजींना हे मनापासून पटले होते.

मंगळवारी संस्थेच्या कार्यालयात सुनावणी झाली. पॅकहाऊसचा नवा सुपरवायझर आयुष, पंचविशीतला, हातात टॅब घेऊन उभा राहिला आणि त्याने खोक्यांचे क्रमांक, वेळा, परदेशातून आलेली छायाचित्रे हे सर्व नीट दाखवले. मग कुसाबाईंना बोलावले. त्या आल्या आणि दाराच्या आतल्या अंगाला उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी आणखी पुढे ओढला आणि नजर फरशीवर ठेवली.

"बाई, तुम्हाला काही सांगायचे आहे का?" गुरुजींनी विचारले.

उत्तर आले नाही.

गुरुजींनी आवाज अधिक मृदू केला. "घाबरू नका. जे घडले ते सांगा. ऐकायला तुमच्या घरचेच माणूस आहे."

त्यावर तर कुसाबाई भिंतीला चिकटल्यासारख्या झाल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. मग कामाचा एप्रन सोडून त्यांनी त्याची आणि हातातल्या टोपीची व्यवस्थित घडी घातली, दारापाशी असलेल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि त्या निघून गेल्या. शेखरने इतिवृत्तात लिहिले: 'तीन वेळा संधी दिली. बाईंनी बचावात काही सांगितले नाही.' गुरुजींनी शनिवारपर्यंत लेखी निर्णय द्यावा, असे ठरले.

गुरुवारी सकाळी निर्णयाचा मसुदा तयार होता. गुरुजी गॅलरीत बसून तो वाचत होते. हर्षालीने काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि ती उभ्याउभ्याच पोहे खात होती.

"हर्षाली, एक वाक्य तपासून दे. तुझ्या कोर्टातले आहे. निर्णयाच्या आरंभी घालावे म्हणतो." गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि मंत्र म्हणावा तसे म्हटले, "औदि आल्तेरम पार्तेम."

हर्षालीचा चमचा हातातच राहिला. "बाबा, असं म्हटलं तर जजसाहेब विचारतील, हा कुठल्या शाखेचा मंत्र म्हणून. आम्ही ऑडी अल्टरम पार्टम म्हणतो."

"तुम्ही इंग्रजांचे ऐकून म्हणता. मूळ लॅटिन आहे, रोमनांची भाषा. उच्चार त्यांचा धरावा. अर्थ सांग."

"दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या."

"ऐक. 'ऐका' नव्हे. आज्ञा एकाला केली आहे," गुरुजी समाधानाने म्हणाले. "आणि त्या 'आल्तेर'मधला 'तेर' पाहा. आपल्या अन्यतर, इतर या शब्दांतला 'तर' तोच. दोघांपैकी दुसरा. दूर गेलेल्या बहिणीच्या बोलण्यात आपल्या घरचा सूर ऐकू यावा, तसे वाटते मला."

"आमच्या सरांनी त्याचा इतिहास सांगितला होता," हर्षाली म्हणाली. तिची बशी रिकामी झाली होती, पण कोर्टाला अजून अवकाश होता. ती समोरच्या स्टुलावर बसली. "अथेन्सचे न्यायाधीश म्हणे शपथच घ्यायचे, की दोघांचं सारखंच ऐकू. रोमनांना तो विचार आधीपासून माहीत होता. हे तीन शब्द मात्र पुढे धर्मपीठांच्या आणि कायद्याच्या लॅटिनमध्ये रुजले, तिथून इंग्लंडच्या कोर्टांत गेले आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. आता नैसर्गिक न्याय म्हटलं की पहिलं हेच आठवतं."

"आपल्याकडे ते यायला इंग्रज कशाला हवेत? आपल्या व्यवहारशास्त्रात खटल्याचे चार पाद सांगितले आहेत. भाषा म्हणजे फिर्याद, मग उत्तर, मग क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटी निर्णय. उत्तर घेतल्यावाचून निर्णयाला पाय टेकवता येत नाही. शास्त्रार्थातही तेच. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि असा मांडायचा की प्रतिपक्षाने म्हणावे, माझे म्हणणे मलाही इतके नीट मांडता आले नसते. छत्तीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले."

"तीनशे वर्षांपूर्वीची एक केस आहे," हर्षाली म्हणाली. "इंग्लंडातल्या एका विद्यापीठानं एका विद्वानाच्या पदव्या काढून घेतल्या. त्याला बोलावलंच नाही. तो कोर्टात गेला. तेव्हा एक न्यायाधीश म्हणाले, अहो, देवानंसुद्धा आदमला बागेतून बाहेर काढण्याआधी विचारलं होतं. कुठं आहेस तू? ते फळ खाल्लंस का? देवाला काय ठाऊक नव्हतं? तरी विचारलं. मग ईव्हलाही विचारलं."

"सुंदर!" गुरुजींनी मसुद्याच्या कडेला टिपून घेतले. "हेही घालतो. बरे, तो ऑडिट शब्दही याच धातूचा ना?"

"त्याचाच. पूर्वी कारकून सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तपासणारा ऐकायचा. आता कोणी ऐकत नाही, नुसते कागद बघतात." ती उठली आणि कोट अंगात घालता घालता सहज म्हणाली, "मग काय म्हणाल्या कुसाबाई?"

"काही नाही. तीन वेळा विचारले."

"काहीच नाही? एक शब्दही नाही?"

"नाही."

हर्षाली एक हात कोटात, एक बाहेर, अशी थांबली. "बाबा, खोलीत कोण कोण होतं?"

"मी, शेखर, आयुष आणि झुंबरराव. त्यांना मुद्दाम घेतले. तिचे थोरले दीर आहेत."

हर्षालीला हसू आले, पण ते तिने आवरले.

"देवानं ईव्हला विचारलं ना, बाबा, तेव्हा तिचे थोरले दीर कुठं बसले होते?"

गुरुजींनी मसुदा मांडीवर ठेवला.

"मी तुमच्यासमोर उभी राहून तुमच्या उच्चारांना हसते. म्हणून सगळ्या सुना बोलतात, असं वाटलं का तुम्हाला? माझी आजी सटाण्याची. तिनं तिच्या थोरल्या दिरासमोर कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मागायचं असलं तर खांबाला सांगायची. 'खांबा रे, पाणी संपलं.' आणि तुम्ही त्या बाईला म्हणालात, बोला, तुमचे दीरच ऐकताहेत!"

गॅलरीखालून भाजीवाल्याची हाक गेली. गुरुजींच्या डोळ्यांसमोर मंगळवारची ती खोली पुन्हा उभी राहिली. 'तुमच्या घरचेच माणूस आहे' असे त्यांनी म्हटले, त्याच क्षणी बाई भिंतीला चिकटल्या होत्या. त्यांनी ते पाहिले होते. पाहूनही तो अपराधाचा संकोच असे मानले होते. त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांच्या थोरल्या काकांसमोर कधी तोंड उघडले नव्हते. नांदगावच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागावे!

"आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन विचारून येतो," गुरुजी म्हणाले.

"एकट्यानं? मग आयुषचं काय? त्याच्या माघारी ती काय बोलली, हे त्याला कळायला नको? बाबा, दुसऱ्या बाजूचं ऐकायचं, पण पहिल्या बाजूच्या पाठीमागे नाही." हर्षालीने दुसरा हात कोटात घातला. "सुनावणी परत घ्या. खोली बदला."

गुरुजींनी मसुद्याची घडी घातली आणि खाली पडलेले पेनाचे टोपण उचलून पेनाला लावला. चूक दिसल्यावर ती किती मोठी होती, याचा शोक करत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. विद्यार्थ्याने रूप चुकवले की ते म्हणायचे, पुन्हा चालव. तेच त्यांनी स्वतःला म्हटले.

शुक्रवारी सकाळी ते पिंपळगावला उतरले ते थेट झुंबररावांच्या घरी गेले. झुंबरराव ओट्यावर चहा पीत होते.

"या, या गुरुजी. निकाल घेऊन आलात का?"

"प्रश्न घेऊन आलो, झुंबरराव. कुसाबाईंचा आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?"

"आवाज?" झुंबररावांनी कप खाली ठेवला. "लग्न होऊन आली त्याला बत्तीस वर्षं झाली. आता आत कुठं पोरांवर ओरडत आसंल, तो कानावर येतो. पण माझ्याशी म्हणाल तर..." ते थांबले. "आमच्यात न्हाय बोलत, गुरुजी. रीतच हाय ती. ह्यात काय नवीन?"

"मग मंगळवारी ती माझ्याशी बोलेल, तुम्ही शेजारी बसलेले असताना, असे आपण कशावरून धरले?"

अंगणात उभ्या असलेल्या टेम्पोवर कोणी रिकामे क्रेट रचत होते, तिकडे झुंबरराव बघत राहिले.

"म्हंजी मी तिथं बसलो, ते चुकलं म्हणता?"

"तुम्हाला बसवले, ते चुकले. बसवणारा मी."

"मला आपलं वाटलं, गप हाय म्हंजी कबूल हाय." झुंबररावांनी तोंडावरून हात फिरवला. "चार दिस झाले, घरात कोणी जेवण धड करीना. आणि मी मनात म्हणतोय, आपल्याच घरातनं आपली मान खाली गेली. इचारणार तरी कोण तिला? इचारायचं तर मीच." ते उठले. "मी समितीतनं बाजूला होतो. लिहून घ्या. पण एक सांगतो, मी बाहेर बसणार. मला ऐकायचंय. घरची हाय ती माझ्या."

"बसा. पण लपून नाही. तुम्ही बसला आहात, हे त्यांना सांगूनच."

"आणि ती न्हाय म्हणाली तर?"

"तर तुम्ही घरी जाल."

झुंबररावांना इतके सरळ कोणी सांगत नसे. त्यांनी गुरुजींकडे रोखून पाहिले आणि मग ते खुदकन हसले. "छडी सोडली न्हाई तुम्ही अजून."

त्याच दिवशी अकराला सुनावणी पुन्हा भरली. कार्यालयात नव्हे, तर पॅकहाऊसमध्ये, चौथ्या टेबलापाशी. हंगाम संपत आला होता, तरी बाकीची टेबले चालू होती. थंड हवेत द्राक्षांचा गोडसर वास होता. शेखर इतिवृत्ताची वही घेऊन आला. आयुष टॅब छातीशी धरून उभा होता. चौथ्या टेबलावरच्या बायका, त्यांत सर्वांत जुनी चांगुणा, हातातले काम थांबवून उभ्या राहिल्या. पॅकहाऊसच्या मोठ्या दाराला थंडावा आत राहावा म्हणून प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या लोंबत होत्या. त्यांच्या पलीकडे झुंबरराव एका उपड्या क्रेटवर बसले होते.

कुसाबाई आल्या, तेव्हा गुरुजी त्यांना सामोरे गेले. "बाई, मंगळवारी मी विचारले, पण विचारायची जागा आणि रीत दोन्ही चुकली. ती चूक माझी. आज पुन्हा विचारतो. झुंबरराव समितीत नाहीत. ते दाराबाहेर बसले आहेत आणि त्यांना ऐकायचे आहे. तुमची हरकत असेल, तर ते घरी जातील."

कुसाबाईंनी पट्ट्यांकडे डोळ्यांच्या कडेने पाहिले. "पाठ करून बसलेत ना?"

"हो."

"मंग बसूद्या." त्यांनी पदर कमरेला खोचला. शेखरकडे वळून त्या म्हणाल्या, "माझा एप्रन कुठंय? तसं मी टेबलाला हात लावत नाय."

शेखरने तो पिशवीतून काढून दिला. घडी तशीच होती. एप्रन बांधल्यावर त्या बाईंची उंची दोन बोटे वाढल्यासारखी दिसली. त्यांनी क्रेटमधला एक घड देठाने उचलला आणि मण्यांमध्ये फुंकर घातली.

"हे बघा गुरुजी. वरनं कोरडा दिसतो. दव आत बसतं, देठापाशी. असं फुंकलं की कळतं. त्या दिशी मी चार खोकी उघडून बघितली, तर आत ओल. नव्या पोरी व्हत्या, त्यांनी घाईघाईत भरलं. मी साठच्या साठ खोकी बाजूला काढली, थप्पी लावली आणि वर चिंधी बांधली."

"चिंधी?" गुरुजींनी विचारले.

"मला वाचता येत नाय. लेबल तुमचं, चिंधी माझी. सोळा वर्षं झाली. लुगड्याच्या काठाची चिंधी थप्पीला बांधली की ती थप्पी मेली. कोणी हात लावायचा नाय, मी सोडेपर्यंत. पहिल्या सायबांना ठावं व्हतं. हमालांना ठावं व्हतं. बांधली, आणि तेवढ्यात नांदगावहून फोन आला. माझी सायली, धाकटी लेक, तिला दवाखान्यात नेलं व्हतं. पहिलटकरीण, सातव्यातच पोट दुखायला लागलं व्हतं. मी चांगुणाला म्हणलं, जेवण झालं की ती खोकी उकला, पंख्याखाली धरा आणि परत भरा. आणि गेले. गेटवर वहीत अंगठा बी लावलाय."

"बरोबर हाय," चांगुणा म्हणाली. "पण आम्ही जेवून आलो तर थप्पीच नाय! म्हणलं, सायबांनी दुसऱ्या टेबलाला उकलायला दिली आसंल."

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" शेखरने विचारले.

"इचारलं कोणी?" चांगुणा फटकन म्हणाली. "कागदावर चार नंबरचं टेबल दिसलं, आणि तुम्ही चार नंबरची बाई बोलावली. आम्ही काय टेबलाचे पाय?"

बायका हसल्या. आयुष मात्र हसला नाही. त्याने टॅब टेबलावर ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. बोट वेगाने मागे मागे सरकत होते. मग ते थांबले.

"गुरुजी," तो म्हणाला, "हा फोटो बघा."

त्या दिवशी परदेशी तपासनीस ऑडिटला येणार होते. आयुषला रुजू होऊन महिना झाला होता. सकाळपासून त्याने सगळे पॅकहाऊस झाडून घेतले होते आणि प्रत्येक कोपऱ्याचे सफाईआधीचे आणि सफाईनंतरचे असे दोन-दोन फोटो काढून ठेवले होते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा पहिला फोटो. भिंतीशी साठ खोक्यांची थप्पी, आणि तिच्या कोपऱ्याला हिरव्या काठाची चिंधी, पक्की गाठ मारलेली. एक वाजून चौदा मिनिटांचा दुसरा फोटो. तीच थप्पी, चिंधी नाही.

"मीच काढली," आयुष म्हणाला. "मला वाटलं कचरा आहे. थप्पीवर लेबलं होती, मोजदाद झालेली होती, म्हणून मीच ती थंड खोलीत पाठवायला सांगितली." त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. "आणि मग तक्रार आली, तेव्हा मी नुसते क्रमांक पाहिले. चिंधी माझ्या ध्यानातही नव्हती."

शेखर ताडकन म्हणाला, "अरे, मग चार दिवस आम्ही..."

"थांबा ओ शेखरभाऊ," कुसाबाई म्हणाल्या. "त्याचं पण आयकून घ्या की आधी. काय रे पोरा, चिंधीचा अर्थ तुला कोणी सांगितला व्हता?"

"नाही, मावशी."

"तू इचारला व्हता?"

"नाही."

"मंग तुझं अर्धं आणि आमचं अर्धं. कामाच्या पहिल्या दिशीच तुला टेबलापाशी आणून दाखवायला पाहिजे व्हतं. आम्हाला वाटलं, टॅबमध्ये सगळं आसंल." त्यांनी हातातला घड अलगद क्रेटमध्ये ठेवला. "कचराच हाय ती, दिसायला. पण गाठ मारलेला कचरा कोणी टाकतं का रं?"

आयुषने मान खाली घातली. त्यात लाज होती, आणि हायसे वाटल्याची खूणही होती.

वस्तुतः ही सुनावणी आता गुरुजींच्या हातात राहिलीच नव्हती. कुसाबाईंनी ती त्यांच्यापेक्षा नीट चालवली होती. ज्या बाईंचे ऐकायचे राहून गेले होते, त्यांनी बोलायला मिळताच आधी दुसऱ्याचे ऐकून घेतले. त्या तीन लॅटिन शब्दांना रोमहून निघून, इतकी राज्ये आणि इतकी न्यायालये ओलांडून जिथे पोचायचे होते, ते ठिकाण बहुधा हेच असावे, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी पिशवीतून जुना मसुदा काढला आणि दोन तुकडे केले. मग टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर कागद ठेवून नवा निर्णय तिथेच लिहिला. कुसाबाईंवरचे दोन्ही आरोप निराधार ठरतात. खोकी थांबवण्याचे काम त्यांनी वेळेत आणि चोख केले. थांबवलेल्या थप्पीला काठाची चिंधी बांधण्याची रीत आजपासून संस्थेची रीत म्हणून लेखी नोंदवावी, आणि प्रत्येक नव्या सुपरवायझरने कामाचा पहिला दिवस चौथ्या टेबलापाशी कुसाबाईंच्या हाताखाली काढावा. पहिला विद्यार्थी आयुष. परदेशी पाठवायच्या खुलाशात घडले तसे सर्व लिहावे. आणि पहिल्या सुनावणीत प्रतिपक्षाला बोलता येईल अशी जागा दिली गेली नाही, हा दोष अध्यक्षांचा, अशी स्पष्ट नोंद व्हावी.

"शेवटचं वाक्य राहू द्या ना, गुरुजी," शेखर हळूच म्हणाला. "कोणी वाचणारही नाही."

"मी वाचणार आहे," गुरुजी म्हणाले. "आत्ता, मोठ्याने. बाईंना वाचता येत नाही. त्यांच्याबद्दलचे लिखाण आधी त्यांच्या कानांवर गेले पाहिजे."

आणि त्यांनी सगळा निर्णय सावकाश वाचून दाखवला. कुसाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी हात वर केला. "काठाची चिंधी म्हणता, तिथं 'गाठ मारलेली' घाला. नुसती ठेवली तर वाऱ्यानं उडती." गुरुजींनी 'गाठ मारलेली' घातले. मग कुसाबाईंनी अंगठा उमटवला, गुरुजींनी सही केली आणि शेखरनेही केली.

पट्ट्यांच्या पलीकडून एक खाकरणे ऐकू आले.

"गुरुजी," झुंबररावांचा आवाज आला, पाठ तशीच वळलेली, "त्यांना म्हणावं, उद्या सकाळी चार नंबरला त्यांनीच उभं राहायचं. आणि घरी जेवून घ्यायचं. सगळ्यांनी."

गुरुजी कुसाबाईंकडे वळले. सांगायची गरज नव्हती, तरी रीत म्हणून त्यांनी सगळे शब्द जसेच्या तसे पोचवले.

कुसाबाईंनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. पदराआडून त्या हसत होत्या. "गुरुजी, त्यांना सांगा, उद्या कशाला? अर्धा दिस शिल्लक हाय अजून. आणि सांगा, मंगळवारी रातीला नातू झालाय. चार दिस कोणी इचारलं नाय, म्हणून सांगायचं राहिलं."

पलीकडे क्रेट करकरला. झुंबरराव उठून उभे राहिले असावेत. "पेढे आणतो," एवढेच ऐकू आले, आणि चपलांचा आवाज अंगणातून लगबगीने दूर गेला.

बायकांनी हातमोजे चढवले. आयुष टॅब बाजूला ठेवून कुसाबाईंच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्या हातात एक घड दिला आणि त्या म्हणाल्या, "फुंक. हळू. दिवा विझवायचा नाय आपल्याला."

गुरुजी निघाले, तेव्हा कुसाबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. आशीर्वाद म्हणून द्यायची संस्कृत वचने गुरुजींना शेकड्यांनी पाठ होती, पण त्या दिवशी साधे मराठीच ओठांवर आले.

"तुमचे बोलणे कधी अडू नये, बाई. नातवाला उदंड आयुष्य लाभो. या मुलाचे हात तुमच्यासारखे जाणते होवोत, झुंबररावांच्या घरात सुखाचे जेवण होवो, आणि माझ्या हर्षालीला तिच्या कोर्टात ऐकून घेणारी माणसे भेटोत."